करवंद लावावं की कुंती?

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या भिंतीलगत बारमाही हिरवं आणि फळं धरणारं झुडूप हवं असेल, तर पुण्यात निवड बहुतेक या दोघांवर येऊन थांबते. तिसरा उमेदवार दुरांटा, रस्त्याच्या दुभाजकात पिवळ्या पानांचा दिसतो तो. त्याचे पिवळेधमक घोस देखणे खरे, पण विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर तो बादच.

पहिला प्रश्न उन्हाचा. करवंद हे सह्याद्रीच्या उघड्या उतारावरचं, मुरमात वाढणारं झाड. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर ते जगेल, फळणार मात्र नाही. कुंतीला, म्हणजे नर्सरीवाले जिला कामिनी म्हणतात तिला, अर्धवट सावली चालते. दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात, जिथे ऊन जेमतेम दुपारचं येतं, तिथे करवंदाचा हट्ट धरू नका.

दुसरा प्रश्न पाण्याचा. करवंद एकदा रुजलं की उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर डोळा ठेवत नाही. पहिली दोन वर्षं आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्यावं, पुढे ते आपलं आपण बघतं. त्याला मारायचंच असेल तर काळ्या मातीत लावा आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबू द्या. काळी माती असेल तर खड्ड्यात मुरूम मिसळा आणि रोप थोडं उंचवट्यावर लावा. कुंतीला एप्रिल-मेमध्ये नियमित पाणी लागतं. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची माती एकत्र आली की तिची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. अशा वेळी नुसतं शेणखत ओतून भागत नाही, चिलेटेड लोह (मुळांना शोषता येईल अशा रूपातलं) द्यावं लागतं.

आता काटे. करवंदाचे काटे जोडीने येतात, कधी टोकाला दुभंगलेले, आणि इतके टणक की छाटलेली फांदी वाटेत पडली तर चपलेतून आरपार जातात. त्यामुळे मागच्या कुंपणाला त्याच्यासारखा राखणदार नाही. पार्किंगच्या कडेला किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ मात्र लावू नये. शिवाय पान तोडलं की चीक येतो, कच्च्या फळालाही असतो. लोणच्यासाठी फळं मिठाच्या पाण्यात घोळून घ्यावी लागतात. कुंती याबाबतीत अगदी निरुपद्रवी.

फळांच्या बाबतीत तुलनाच नको. कुंतीची लाल, लांबट फळं बुलबुलांसाठी. आपल्यासाठी तिचा वास. एखादी चांगली सर पडून गेली की काही दिवसांत सगळं झुडूप पांढरं होतं आणि संध्याकाळी जिन्यापर्यंत दरवळतं. (काहींना त्या वासाने डोकं धरतं. बेडरूमच्या खिडकीशी लावण्याआधी घरच्यांना विचारा.) करवंद साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतं आणि एप्रिलपासून जूनपर्यंत फळतं. कच्च्याची हिरवी मिरची घालून चटणी, पिकल्यावर तसंच तोंडात, आणि आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आलाच. बेकरीच्या केकवरची ‘चेरी’ही पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते.

नर्सरीवाले एक गोष्ट सांगत नाहीत. रेखीव कातरलेलं कुंपण आणि भरघोस करवंदं एकाच झाडाकडून मिळत नाहीत. दर महिन्याला कात्री फिरली तर फुलं धरणारे शेंडेच जातात. फळं हवी असतील तर छाटणी वर्षातून एकदाच, फळं उतरल्यावर पावसाच्या सुरुवातीला करायची आणि एरवी झाडाचा पसारा सहन करायचा. सोसायटीच्या माळ्याला ही शिस्त लागणं कठीण, म्हणून सामायिक बागेसाठी मी कुंतीच सुचवेन. स्वतःची भिंत आणि स्वतःची कात्री असेल तर करवंद.

कुंतीबद्दल एक सावधगिरी. ती लिंबाच्या कुळातली, त्यामुळे लिंबावर येणारी सायला कीड तिच्यावरही पोसली जाते. शेजारी कुंडीत कागदी लिंबू असेल तर कोवळी पालवी दोन्हीकडे तपासत जा.

अंतर: कुंतीला दीड-दोन फूट, करवंदाला अडीच-तीन फूट. कुंडीत लावायचं तर कुंतीच.

रोपं घ्यायला उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत गेलात आणि नुसतं ‘करवंद’ म्हणालात, तर गुलाबी-पांढऱ्या मोठ्या फळांचं रोप हातात पडण्याची शक्यता अधिक. लोणच्याला ते उत्तम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण बोल्ड’ हे वाणही आहे. पण डोंगरची काळी मैना हवी असेल तर मे महिन्यात सिंहगडाकडून आलेली पिकली करवंदं खा, बिया धुवा आणि लगेच पेरा. वाळवून ठेवलेल्या बिया फार काळ उगवत नाहीत. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला साधारण तीन वर्षं लागतात.