नेक्सस्टार ६एसई, पुण्यातली गच्ची आणि दोन वर्षं

सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार ६एसई ही दुर्बीण घेऊन दोन वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं वा वा झालं असतं.

सहा इंची श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच, आत दोन आरसे) आहे, म्हणजे १५० मिमी तोंड आणि फोकल लेंथ (नाभीय अंतर) १५०० मिमी, पण प्रकाश आत दोनदा आरशावरून फिरत असल्यामुळे नळी एकदम आखूड, काखेत मारून नेता येते. एका हाताचा मोटरवाला माउंट (नळी धरून फिरवणारा स्टँड), हँड कंट्रोलमध्ये (रिमोटमध्ये) आकाशातल्या ४० हजारांच्या आसपास वस्तू. सगळं मिळून साधारण १४ किलो, मला गच्चीवर न्यायला दोन फेऱ्या होतात. हाच माउंट आठ इंचीलाही येतो, त्यामुळे सहा इंची नळी तो आरामात पेलतो, म्हणून मी मोह आवरून लहानच घेतला आणि त्याचा पश्चात्ताप अजून तरी नाही.

पहिल्या रात्री तीन वेळा अलाइनमेंट (यंत्राला आकाश ओळखायला लावणं) फेल. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालत होतो आणि चूक माझीच होती. ४ डिसेंबर होता, मी सवयीप्रमाणे ०४/१२ टाकलं, पण हे यंत्र अमेरिकन पद्धतीने आधी महिना घेतं, म्हणजे ते बिचारं १२ एप्रिलचं आकाश शोधत होतं! दुसरी गोष्ट, साडेपाच तासांच्या टाइमझोनच्या भानगडीत मी पडतच नाही, सरळ युनिव्हर्सल टाइम (ग्रिनिचची वेळ) निवडतो आणि घड्याळातून साडेपाच वजा करतो. फक्त रात्री बारानंतर चालू केलात तर तारीख आदल्या दिवशीची टाकायची, हे विसरलात की पुन्हा तेच.

एवढं जमलं की मग खरंच मजा आहे. स्काय अलाइन या पद्धतीत कुठलेही तीन ठळक तारे मधोमध आणायचे, नाव सांगायची गरज नाही. टू स्टार पद्धतीत मात्र नाव निवडावं लागतं आणि लहानपणी आजीने दाखवलेले व्याध, अगस्त्य, ब्रह्महृदय हे तिथे सिरियस, कॅनोपस, कॅपेला होऊन बसलेत. तारे एकमेकांपासून लांब लांबचे घ्या, आणि शेवटचा नेम वर आणि उजव्या बाणानेच धरा म्हणजे गिअरचा ढिलेपणा मध्ये येत नाही. पेन्सिल सेल आठ लागतात, मी ते घातलेच नाहीत, पहिल्यापासून यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी लावतो.

दिसतं काय? सोबतच्या २५ मिमी आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ६० पट. चंद्र जबरदस्त. पण कोजागिरीला गच्चीवर दुधाचा ग्लास हातात घेऊन अख्खी सोसायटी रांगेत उभी राहते आणि पूर्ण चंद्राला सावल्याच नसतात हो, नुसता दिवा लावल्यासारखा डोळा दिपतो, अष्टमीला या म्हटलं तर कोणी येत नाही. २०२५ च्या कोजागिरीला शनी चंद्राच्या जवळच होता, पण त्या वर्षी कडी आपल्याकडे जवळजवळ कडेनं होती, म्हणून गोळीतून टाचणी आरपार घातल्यासारखा दिसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शनी नको रे बाबा, साडेसाती चालू आहे, गुरू दाखव." गुरू मध्यरात्र उलटल्याशिवाय नाही म्हटल्यावर गेल्या खाली. कृत्तिका मात्र या दुर्बिणीत पूर्ण मावत नाहीत, देवयानी दीर्घिकेचा पण मधला भागच दिसतो, कारण या आयपीसमधून एका वेळी जेमतेम पाऊण अंशापेक्षा थोडं जास्त आकाश दिसतं. उलट मे महिन्यात भोरच्या बाजूला नेऊन दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लावला तेव्हा मी पाच मिनिटं बोललोच नाही. पुण्याहून तो २४ अंशांपर्यंत वर येतो, लंडनवाल्यांना तो उगवतच नाही, इथे आपण जिंकलो.

आता फोटो. "डीप स्काय फोटो (तेजोमेघ, दीर्घिका वगैरेंचे) सहज येतील" असं मला विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. नाही येत. माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो, त्यामुळे तारा मध्यभागी धरून ठेवला तरी बाकीचं चित्र त्याच्याभोवती हळूहळू गोल फिरतं आणि कडेचे तारे रेषा होतात. यूट्यूबवर लोक ३० सेकंदांचं एक्सपोजर सांगतात ते युरोप-अमेरिकेतून. हे फिरणं अक्षांशावर अवलंबून असतं, आकाशात त्याच दिशेला तेवढ्याच उंचीवर बघितलं तर पुण्यात ते लंडनच्या साधारण दीडपट वेगाने होतं! उत्तर-दक्षिणेला आणि डोक्यावर सगळ्यात वाईट, पूर्व-पश्चिमेला सगळ्यात कमी. म्हणून मी एफ ६.३ चा रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) लावतो, पूर्वेकडचं काहीतरी पकडतो आणि १० सेकंदांचे शेकडो फोटो काढून एकावर एक रचतो. मृगातला तेजोमेघ बरा आला, बाकी ठीकठाक. ग्रह आणि चंद्राला हा प्रॉब्लेम नाही, तिथे छोट्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढायचा आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, गुरूचे पट्टे आणि तो लाल डागसुद्धा मिळतो.

फक्त तेजोमेघांचे फोटोच हवे असतील तर मित्राकडे आहे तसा सीस्टार एस५० (स्वतः फोटो काढणारी छोटी दुर्बीण) बघा, ५० मिमीचाच आहे पण स्वतःच सगळं रचून मोबाइलवर दाखवतो आणि खूप स्वस्त. त्याला डोळा लावायची सोय नाही आणि त्यात ग्रह अगदी बारीक, मला ते चालत नाही, तुम्हाला चालेल.

किंमत लाखाच्या पुढे जाते आणि जून ते सप्टेंबर हा माल कपाटातच पडून राहतो हे धरून चाला. पुढच्या काचेवर बुरशी धरू नये म्हणून मी नळी हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवतो, दर पंधरा दिवसांनी जेल तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाकतो. तवा वेगळा घ्यावा लागला, आईने पोळ्यांचा द्यायला साफ नकार दिला.