डी अँड डी पाचवी आवृत्ती, वर्षभरानंतर: सगळं मान्य, पण ती लाँग रेस्ट!

परवा मालवणात आमचं डी अँड डीचं, म्हणजे फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं, सेशन मध्येच मोडलं. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) चाच्यांच्या गुहेच्या तोंडाशी, जेमतेम एक लढाई झालेली, आणि विझर्डवाला, म्हणजे जादूगाराचं पात्र खेळणारा, म्हणतो, ‘‘आता झोपूया रे, सकाळी काय ता बघूया.’’ मी नाही म्हटलं तर गड्याने पुस्तकच पुढ्यात आपटलं. भजी थंड झाली, वाद गरम. म्हणून हे लिहितोय.

आम्ही २०१४ चेच नियम वापरतो. खेळ कसा चालतो ते सांगत बसत नाही. अॅडव्हान्टेजला मात्र साष्टांग नमस्कार: वरचढ असलात की दोन फासे टाका, मोठा घ्या, बारीकसारीक बेरजा-वजाबाक्या बंद. पहिल्यांदा बसलेला आमचा मामेभाऊ पाच मिनिटांत शिकला.

आता ती झोप. आठ तास लाँग रेस्ट घेतली की गेलेले सगळे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) परत, सगळे स्पेल स्लॉट (जादू करायचे ठरावीक वापर) परत. ड्रॅगनने चावून काढलेला माणूस सकाळी ताजातवाना! १९८१ च्या बेसिक नियमांत दिवसभर पूर्ण आराम केला तर १ ते ३ हिट पॉइंट मिळायचे. तेही जाचकच, पण जखमेला काही किंमत होती. चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट, अशी अट आहे म्हणा. तिचा उपयोग शून्य, कारण पोरं म्हणतात, ‘मग उद्यापर्यंत बसून राहतो.’

खरी गोम डीएमच्या, म्हणजे माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकात आहे. पार्टी दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर, म्हणजे झुंजी, झेलेल, असा तिथला हिशोब. आमच्याकडे एका संध्याकाळी दोन लढाया झाल्या तरी डोक्यावरून पाणी; तेवढ्यात लाइट जाते, कोणाच्या तरी घरून फोन येतो. दोनच लढाया असतील तर विझर्ड पहिल्याच फेरीत सगळा दारूगोळा उडवतो, आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्येच स्लॉट परत मिळवणारा वॉरलॉक (दुसऱ्या जातीचा जादूगार) बिचारा बघत बसतो.

त्याच पुस्तकातला ‘ग्रिटी रिअॅलिझम’ हा पर्यायी नियम लावून पाहिला: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. वॉरलॉकचं फावलं, विझर्डवाला महिनाभर फुगून. शिवाय जादूचा कालावधी तासांतच राहतो. आठ तास टिकणारं मेज आर्मर (जादूचं चिलखत) आठवड्याच्या हिशोबात कुठे पुरणार?

इथवर माझं मत होतं की हा नियमच टाकाऊ. परवाच्या भांडणानंतर ते थोडं बदललंय. आता आठ तासांची झोप तशीच ठेवलीय, गुहेला भरती जोडली. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या वर थोडं. झोपलात तर तुम्ही उठायच्या आधी गुहेचं तोंड पाण्याखाली, चाचे मागच्या वाटेने माल घेऊन पसार. झोपायला मनाई नाही, खुशाल झोपा! भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं, उधाणाला वाट पूर्ण बंद, एवढं आमच्या टेबलावर कोणाला समजवावं लागत नाही. पहिल्याच खेपेला विझर्डवाल्याने स्लॉट जपून वापरले, आणि वॉरलॉकने तासाभराची शॉर्ट रेस्ट मागितली तेव्हा सगळे ‘घे, घे’ म्हणाले.

पण मग झोपेला असं वेळेचं बंधन जोडा, हे पुस्तकात ठळक का नाही? तीन जाड पुस्तकांचे पैसे मोजलेत मी. तेवढ्यात हापूसच्या दोन पेट्या तरी आल्या असत्या. आणि ज्या नियमावरून रामायण झालं तो २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट मिळणाऱ्या एसआरडी ५.१ या नियमसंचात अख्खा आहे, वर तीनशेहून जास्त राक्षस. नवीन डीएमने आधी तेच फोनवर उतरवून महिनाभर खेळावं. पुस्तक घ्यायचंच तर पावसाळा सरल्यावर घ्या; माझ्या प्रतीची पानं जुलैतच फुगली, आता कपाटात कापराच्या वड्या ठेवल्यात.