परीक्षण: कॅलिफोर्नियाची घरपट्टी आणि तिच्यावर चालणारी शाळा

काय तपासलं: काउंटीकडून दर ऑक्टोबरात येणारं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, त्यातलं ‘प्रॉप १३’चं (‘प्रॉपोझिशन १३’, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या ठरावाचं) संरक्षण आणि त्या पैशावर चालणारी सरकारी शाळा.

गुण: पुढच्या वर्षीच्या बिलाचा भरवसा, ५ पैकी ५. शेजाऱ्या-शेजाऱ्यातला न्याय, ५ पैकी १. शाळेला मिळणारा आधार, ५ पैकी २.

फ्रीमॉन्ट, सनीवेल, सॅन रॅमॉन या पट्ट्यात घर घेताना मराठी कुटुंबं दोन गोष्टी बघतात: शाळा कुठली लागते आणि हप्ता किती बसतो. घरपट्टीचा विचार नंतर, एस्क्रोची (खरेदीचा व्यवहार पुरा करून देणाऱ्या मध्यस्थाची) कागदपत्रं हातात आल्यावर होतो. आधी व्हायला हवा, कारण शाळेला किती पैसा मिळतो आणि तो किती भरवशाचा असतो, हे या बिलामागच्या नियमांनी बरंचसं ठरवून टाकलेलं आहे.

हे नियम, म्हणजेच प्रॉप १३, ६ जून १९७८ रोजी मतदारांनी जवळजवळ दोन-तृतीयांश कौल देऊन राज्यघटनेत घातले. कर घराच्या करपात्र किमतीच्या १ टक्क्याहून जास्त नाही, मतदारांनी मंजूर केलेलं कर्ज वेगळं. ती किमत खरेदीच्या दिवशीची धरायची, जुन्या मालकांसाठी १९७५ची. तिथून वाढ वर्षाला फार तर २ टक्के, आणि घर विकलं की नव्याने बाजारभाव. त्याआधी राज्यातला सरासरी दर २.६७ टक्के होता आणि फेरमूल्यांकनाला असा लगाम नव्हता. सत्तरच्या दशकात घरांचे भाव उसळले, तसं पेन्शनवर जगणाऱ्यांचं बिल काही वर्षांत दुपटीवर जाऊ लागलं. ती अडचण खरी होती. आजही निवृत्त माणसाला पुढच्या वर्षी मूळ कर फार तर किती वाढेल हे आधी सांगता येतं, म्हणून पहिल्या निकषावर पूर्ण गुण.

आता वाटणी बघा. एकाच गल्लीत, एकाच नकाशाची दोन घरं. एक १९८५ साली दीड लाख डॉलरला घेतलेलं. दरवर्षी २ टक्के वाढ धरली तर चाळीस वर्षांनी त्याची करपात्र किमत साधारण ३ लाख ३१ हजार, म्हणजे मूळ कर ३,३१२ डॉलर. शेजारचं घर २०२५मध्ये वीस लाखांना घेतलेलं, त्याचा मूळ कर २०,००० डॉलर. रस्ता तोच, अग्निशमन दल तेच, शाळाही तीच. फरक सहापट. हे घटनेला धरून आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ साली आठ विरुद्ध एक मताने नियम टिकला. कायदेशीर आहे, यात वाद नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी घर घेतलेल्या तरुण जोडप्याला ‘प्रॉप १३मुळे तुमचीही बचत होते’ असं सांगणं अर्धसत्य आहे. त्यांची बचत मोठी व्हायला बरीच वर्षं लागतील, आणि त्यांची मुलं शाळेत आहेत ती आत्ता.

शाळांचं काय झालं? घरपट्टीचं उत्पन्न एका झटक्यात जवळपास ६० टक्क्यांनी घसरलं. सुट्टीतल्या उन्हाळी शाळा पहिल्याच वर्षी ठिकठिकाणी बंद झाल्या. राज्याने शिलकीतून भर घातली आणि १९७९च्या ‘एबी ८’ कायद्याने घरपट्टी कोणाला किती जाईल याची वाटणी ठरवून दिली. ती वाटणी मुळात आजही तशीच आहे. तोवर स्थानिक शाळा मंडळ गरज बघून दर ठरवू शकत होतं. तो अधिकार गेला आणि शाळेच्या पैशाची सूत्रं सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या, हाती गेली.

जुनी पद्धत फार न्यायाची होती असं मात्र कुणी समजू नये. शाळांच्या पैशातल्या विषमतेवरच्या १९७१च्या सेरॅनो खटल्याच्या निकालातच आकडे आहेत. १९६८-६९ साली बाल्डविन पार्कचे रहिवासी दर १०० डॉलरच्या मूल्यांकनावर ५.४८ डॉलर शाळा-कर भरत होते, तरी एका मुलामागे जेमतेम ५७७ डॉलर खर्च करू शकत होते. बेव्हर्ली हिल्सवाले २.३८ डॉलर भरून १,२३२ डॉलर खर्च करत होते. म्हणून ‘सगळी घरपट्टी स्थानिक शाळेला द्या, प्रश्न सुटेल’ हे म्हणणं आम्हाला पटत नाही. राज्याने मध्ये पडून पैसा समान वाटणं गरजेचंच होतं.

बिघडलं ते दुसरीकडे. घरपट्टी हा संथ, स्थिर पैसा आहे. मंदीतही तो फारसा हलत नाही. त्याच्या जागी शाळांच्या वाट्याला राज्याची तिजोरी आली. तिचा मोठा आधार वैयक्तिक आयकर, आणि त्यातला फार मोठा हिस्सा मूठभर श्रीमंतांच्या शेअर-नफ्यावर उभा. १९८८च्या ‘प्रॉप ९८’ने राज्याच्या सर्वसाधारण निधीतला साधारण ४० टक्के भाग शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना किमान हमी म्हणून बांधून दिला. पण बाजार पडला की तो ४० टक्के भागही लहान होतो. २००८नंतर नेमकं हेच झालं. राज्याने शाळांचे हप्ते पुढच्या आर्थिक वर्षात ढकलले, शाळा जिल्ह्यांनी (‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) पगारासाठी कर्ज काढलं, शिक्षकांना बिनपगारी सुट्ट्या मिळाल्या. खालच्या वर्गांत वीस मुलांची मर्यादा पाळण्यासाठी १९९६पासून अनुदान होतं. २००९मध्ये ती अट सैल केली आणि वर्ग पुन्हा फुगले. शेवटी २०१२मध्ये ‘प्रॉप ३०’ने मतदारांना वेगळा कर लावून घ्यावा लागला.

यात दरवर्षी रुतणारा एक काटा आहे. शिक्षकाला कपातीची पहिली नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते. राज्यपालांचा सुधारित अर्थसंकल्प येतो मेच्या मध्यावर आणि मंजुरी मिळते जूनमध्ये. म्हणजे पैसा किती येणार हे कळायच्या आधीच मंडळाला ‘कदाचित लागतील’ म्हणून नोटिसा काढाव्या लागतात. त्यातल्या बऱ्याच पुढे मागे घेतल्या जातात. पण दरम्यान गणिताची चांगली तरुण शिक्षिका दुसरीकडे रुजू झालेली असते.

आता आपण भरलेल्या डॉलरचा माग. २०१३-१४पासूनच्या सूत्रात प्रत्येक जिल्ह्याचं लक्ष्य ठरतं: इयत्तेनुसार मूळ रक्कम, शिवाय गरीब घरची, इंग्रजी शिकणारी आणि पालनगृहातली मुलं असतील त्यांच्यामागे २० टक्के जादा, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर आणखी. या लक्ष्यात आधी स्थानिक घरपट्टी मोजतात, उरलेलं राज्य भरतं. परिणाम असा की बहुतेक जिल्ह्यांत घरपट्टी एक डॉलरने वाढली तर राज्याची मदत एका डॉलरने कमी होते. वीस हजार भरणाऱ्याला वाटतं की आपल्यामुळे शाळेला जास्त मिळालं. तसं होत नाही. अपवाद ‘बेसिक एड’ जिल्ह्यांचा. तिथे घरपट्टीच लक्ष्याच्या वर जाते आणि वरचा पैसा जिल्ह्याकडेच राहतो. पालो आल्टो त्यातला. घर बघताना एजंटला विचारा, नाहीतर जिल्ह्याच्या अर्थसंकल्पाच्या पहिल्या काही पानांत बघा. अशा जिल्ह्यांना आता ‘कम्युनिटी फंडेड’ असंही म्हणतात.

याला जोडून भारतवारी करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. राज्याचा पैसा पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. डिसेंबरात सुट्टीला लागून मुलाला आणखी दोन आठवडे पुण्याला ठेवलं तर त्या शाळेच्या दिवसांचं अनुदान जिल्ह्याच्या हिशेबातून वजा होतं. उपाय आहे. निघण्याआधी शाळेच्या ऑफिसात ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार मागा, त्यावर पालक, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या सह्या घ्या आणि दिलेला अभ्यास मुदतीत परत करा. मग ते दिवस हजेरीत धरता येतात. ऐनवेळी विमानतळावरून ईमेल करण्याच्या भरवशावर राहू नका. बेसिक एड जिल्ह्यात मुख्य निधी हजेरीवर अवलंबून नसतो, पण करार तिथेही करावा.

बिल उघडल्यावर तीन थर वेगळे वाचा. पहिला १ टक्क्याचा. त्यातले शाळेला किती, शहराला किती, हे बिलावर सहसा छापलेलं नसतं. मुंबईच्या घरपट्टीत शिक्षण उपकराची वेगळी ओळ असते; इथे तसं काही शोधू नका. दुसरा थर मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचा, तोही घराच्या करपात्र किमतीवर. नोव्हेंबर २०००पासून शाळांचे रोखे ५५ टक्के मतांनी मंजूर होऊ शकतात. अशा एका मतदानातून युनिफाइड (प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंत सगळ्या शाळा चालवणाऱ्या) जिल्ह्याला एक लाखाच्या करपात्र किमतीमागे ६० डॉलरपर्यंतच कर लावता येतो. या पैशातून इमारत, छप्पर, प्रयोगशाळा होते. शिक्षकाचा पगार देता येत नाही. म्हणून ‘नवं जिम बांधलं आणि ग्रंथपाल काढली’ हे चित्र दिसतं; त्यात शाळेची उधळपट्टी नसते, ते पैसे कायद्यानेच वेगळे बांधलेले असतात.

तिसरा थर ठोक रकमांचा. यात शाळेचा ‘पार्सल टॅक्स’, आणि नव्या वसाहतीत १९८२च्या कायद्याखालचा ‘मेलो-रूस’ (तिथल्या रस्ते, शाळा अशा सोयींसाठीचा कर). पार्सल टॅक्सला दोन-तृतीयांश मतं लागतात. तो जिल्ह्यातच राहतो, राज्य त्याबदल्यात काही कापत नाही, आणि त्यातून पगार देता येतो. शाळेला उपयोगी पडणारा स्थानिक डॉलर हाच. पण रचना फार वाईट. बहुतेक ठिकाणी तो दर प्लॉटला सारखा, म्हणजे दोन खोल्यांचा कॉन्डो आणि अख्खा मॉल यांना एकच रक्कम. शिवाय ६६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले तरी तो पडतो. म्हणून असे कर प्रामुख्याने सधन उपनगरांत मंजूर होतात, आणि सेरॅनो खटल्याने बंद करू पाहिलेली दरी मागच्या दाराने परत येते. त्याच्याही पलीकडे पालकांच्या फाउंडेशनला दरसाल दर मुलामागे मागितली जाणारी वर्गणी. संगीत, ग्रंथालय, विज्ञानाचा सहायक हे अनेक शाळांत तिच्यावर चालतं. घरपट्टीत वाचलेल्या पैशातून ही बेरीज वजा करा, मगच बचत किती ते ठरवा.

बिलाबाबत नेहमी होणाऱ्या चुका थोडक्यात. खरेदीनंतर काही महिन्यांनी ‘सप्लिमेंटल’ बिल येतं. जुन्या आणि नव्या किमतीतला फरक त्यात असतो. जानेवारी ते मेमध्ये घर घेतलं तर अशी दोन बिलं येतात. कर्ज देणारी बँक एस्क्रो खात्यातून (हप्त्यासोबत करासाठी जमा होणाऱ्या पैशातून) नेहमीचं बिल भरते, हे सहसा भरत नाही. ते थेट मालकाच्या नावे येतं. नेहमीच्या बिलाचा पहिला हप्ता १० डिसेंबर आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत न भरल्यास १० टक्के दंड. स्वतः राहत असाल तर ‘होमओनर्स एक्झेम्प्शन’चा अर्ज १५ फेब्रुवारीपर्यंत द्या. त्याने करपात्र किमत ७,००० डॉलरने, म्हणजे बिल साधारण ७० डॉलरने कमी होतं. भाव पडले असतील तर किमत तात्पुरती उतरवून मागता येते. मात्र भाव सावरल्यावर ती वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वेगाने परत चढते, मूळ मर्यादेपर्यंत. यात फसवणूक नाही, नियमच तसा आहे.

तर ही बचत शाळेच्या मोबदल्यात परवडते का? स्वतःच्या घरात राहणाऱ्या वृद्धाला मिळणारं संरक्षण परवडतं, आणि ते ठेवावं. बाकीचं नाही. २०२१च्या फेब्रुवारीत ‘प्रॉप १९’ लागू होईपर्यंत आईवडिलांचं घर मुलांना जुन्याच किमतीवर मिळे, मग ते त्यात राहोत की भाड्याने देवोत. आता मुलाने वर्षाच्या आत तिथे राहायला जावं लागतं आणि सवलतीला मर्यादा आहे. ही दुरुस्ती योग्य झाली. राहिली आहे ती व्यापारी मालमत्ता. कंपनी मरत नाही, घर बदलत नाही, आणि हिस्से ५० टक्क्यांच्या आत ठेवून विकले तर मालकी बदलली असं धरलंच जात नाही. ३० लाख डॉलरहून मोठ्या व्यापारी मालमत्तेला बाजारभाव लावणारा ‘प्रॉप १५’ २०२० साली ४८ विरुद्ध ५२ टक्क्यांनी पडला. त्यातून वर्षाला साडेसहा ते साडेअकरा अब्ज डॉलर येतील, त्यातले ४० टक्के शाळा-कॉलेजांना जातील, असा राज्याच्या विश्लेषक कार्यालयाचा अंदाज होता. तो पडायला नको होता. घरमालकांना त्यात एक डॉलरही भरावा लागणार नव्हता.

वृद्धांसाठी कर न कापताही वाट आहे. राज्य नियंत्रक कार्यालयाची कर पुढे ढकलण्याची योजना ६२ वर्षांवरच्या, मर्यादित उत्पन्नाच्या आणि घरात किमान ४० टक्के स्वतःचा हिस्सा असलेल्या मालकाचं बिल भरते, आणि घर विकल्यावर व्याजासह वसूल करते. अर्ज १ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी, आणि निधी मर्यादित असल्याने पहिल्या आठवड्यातच टाकावा. अशी योजना नीट पैसा घालून मोठी केली, तर आजीचं घरही राहतं आणि शाळेचा पैसाही.

पार्सल टॅक्समध्येही ६५ वर्षांवरच्यांना बहुतेक जिल्हे सूट देतात. अर्ज काउंटीकडे नाही, शाळा जिल्ह्याच्या ऑफिसात करायचा, काही ठिकाणी दरवर्षी. भारतातून राहायला आलेल्या आईवडिलांच्या वयावर ती मिळत नाही. घराच्या दस्तावर त्यांचं नाव असावं लागतं. बरेच पार्सल टॅक्स ठरावीक वर्षांनी संपतात आणि पुन्हा मतदानाला येतात, तेव्हा घर घेण्याआधी त्या जिल्ह्याचा कर कधी संपतो ते वर्ष विचारून घ्या.