किमोच्या काळातला टू-डी इको: स्ट्रेन मोजून घ्याच

डॉक्सोरुबिसिन, म्हणजे लाल किमो, किंवा ट्रॅस्टुझुमॅब (काही स्तन-कर्करोगांवरचं औषध) सुरू होण्याआधी डॉक्टर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून यायला सांगतात, कारण या दोन्ही औषधांनी हृदयाच्या स्नायूचं नुकसान होऊ शकतं. साधा इको सगळीकडे होतो, ‘स्ट्रेन’सकट मात्र मागितल्याशिवाय सहसा होत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: जिथे सोय आहे तिथे स्ट्रेनसकटच करा.

साध्या इकोतून हाती लागतो तो ईएफचा आकडा, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते, तोही पुष्कळदा नजरेच्या अंदाजाने लिहिलेला. नीट मोजला तरी दोन वेळच्या आकड्यांत 10 पर्यंतचा फरक निव्वळ मोजण्यातला असू शकतो. स्ट्रेन म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू दर ठोक्याला लांबीत किती आखडतो याचं माप. नुकसान सुरू झालं की बहुधा आधी तेच उतरतं. सुरुवातीला उणे 20 होतं आणि तीन महिन्यांनी उणे 16 आलं, तर ती 20 टक्के घट झाली. घट 15 टक्क्यांच्या वर गेली की ईएफ 60 असला तरी कार्डिओलॉजिस्टना रिपोर्ट दाखवायचा. ट्रॅस्टुझुमॅब मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही. बहुतेकदा हृदयाच्या गोळ्या सुरू करून तेही चालू ठेवता येतं.

या तपासणीची दुखरी बाजू म्हणजे मशीन. एका कंपनीच्या मशीनवरचं स्ट्रेन दुसरीच्या मशीनशी जुळेलच असं नाही, त्यामुळे दहा-वीस टक्के सवलतीसाठी सेंटर बदललंत तर तुलनाच बाद होते. त्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्या, कारण बीपी चढलेलं असेल तर स्ट्रेन कमी दिसतं. तपासताना ईसीजीच्या तारा लावलेल्या हव्यात आणि श्वास सोडून रोखायला सांगायला हवं. घाईच्या सेंटरमध्ये नेमकं हेच राहून जातं आणि चित्र हलतं. क्लिप्स पेनड्राइव्हवर मागून ठेवा. उपाशी जायची गरज नाही, पुढून उघडणारा कपडा घाला.

डाव्या बाजूला स्तनाचं इम्प्लांट असेल तर चित्र धूसर येतं. अशा वेळी कार्डियाक एमआरआयबद्दल विचारा.

ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना दर तीन महिन्यांनी इको लागतो. दोन्ही औषधांत उपचार संपल्यावर वर्षाच्या आत एकदा करायचाच. नेमका हाच चुकतो, कारण तोवर फाइल कपाटात गेलेली असते. त्याची तारीख शेवटच्या डोसच्या दिवशीच घेऊन ठेवा.