कोळशाचे घटक: पांढऱ्या प्रकाशात पाहायचे की निळ्या?

वणी-चंद्रपूरकडचा कोळसा प्रबंधासाठी घेतलाय आणि सूक्ष्मदर्शकावर वेळ मोजकाच मिळणार असेल, तर परावर्तन (कणावरून परतणारा प्रकाश) मोजायचे की फ्लुरोसन्स (निळ्या प्रकाशात कणाने स्वतः दिलेली चमक), हे पेलेट, म्हणजे रेझिन या कृत्रिम राळेत बसवलेल्या कोळशाच्या चुऱ्याचा ठोकळा, घासण्याआधीच ठरवा.

परावर्तनाची वाट रुळलेली आहे. तेलातले ऑब्जेक्टिव्ह, ५४६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, व्हिट्रिनाइटची (लाकडापासून झालेल्या घटकाची) शंभरेक वाचने, की रँक, म्हणजे कोळसा किती पक्व झालाय ते, हाती येते. तो आकडा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडता येतो. वरच्या रँकच्या कोकिंग (पोलादाच्या भट्टीसाठी कोक करायच्या) कोळशाला एवढे पुरे. तिथे परावर्तन १.३ टक्क्यांच्या आसपास गेले की लिप्टिनाइटची (बीजाणू, पानाची त्वचा, राळ यांपासून झालेल्या घटकाची) चमक जवळजवळ विझलेलीच असते.

कमी रँकच्या कोळशात मात्र घटक ओळखताना परावर्तित पांढरा प्रकाश फसवतो. लिप्टिनाइट तिथे काळपट दिसते, चिकणमातीत नाहीतर रेझिनमध्ये मिसळून जाते आणि मोजणीतून निसटते. त्याच जागी निळा प्रकाश टाका: बीजाणूंच्या पिवळ्या चपट्या कड्या, पानाच्या त्वचेची दातेरी पट्टी, राळेचे गोळे उजळून निघतात. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. वर्णपट घेतला तर ६५० आणि ५०० नॅनोमीटरवरच्या तीव्रतेचे गुणोत्तर मिळते. रँक वाढते तशी चमक नारिंगीकडे सरकते आणि हे गुणोत्तर वाढते.

व्हिट्रिनाइटची चमक फारच मंद. तिच्यासाठी लेसर आणि संवेदनशील फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश मोजणारे उपकरण) लागतो. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत ४८८ नॅनोमीटरचा लेसर टाकून चमक वेळेगणिक कशी बदलते ते पाहतात. हायड्रोजन जास्त असलेल्या व्हिट्रिनाइटचे परावर्तन खोटे कमी येते, ते यात पकडता येते. सोय असेल तर जरूर करा.

द्रावकातला अर्क क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक नळीत) तपासणे सर्वात स्वस्त, पण त्यात सगळे मॅसेरल, म्हणजे कोळशाचे हे सूक्ष्म घटक, एकत्र मिसळतात आणि विरघळले तेवढेच दिसते. द्रावण दाट असेल तर ते स्वतःचाच प्रकाश शोषते. वर्णपटाचा आकार बदलायचा थांबेपर्यंत पातळ करत जा.

मी निवडेन ते दोन्ही, एकाच पेलेटवर. आपल्या गोंडवाना (प्राचीन दक्षिण महाखंडाच्या काळातल्या) कोळशात इनर्टिनाइट (जळक्या, कोळपलेल्या वनस्पतींचा घटक) भरपूर, आणि ते सहसा चमकत नाही, म्हणून नुसता निळा प्रकाशही अपुरा. घटकांचे प्रमाण काढायला ५०० बिंदू मोजताना प्रत्येक शंकेच्या बिंदूवर प्रकाश बदलून पाहा. वर्णपटासाठीचा कण आधी निळ्या प्रकाशात ठेवू नका, न चमकणारेच तेल आणि रेझिन वापरा, आणि घासलेला पेलेट शक्यतो त्याच दिवशी पाहा. हवा लागली की चमक मंदावते.