एसीएल फाटलं: लगेच ऑपरेशन की आधी व्यायाम?

कबड्डीत चढाई करताना पाय रुतला, धड वळलं, गुडघ्यात ‘कट्’ झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा दोरीसारखा लिगामेंट, गेल्याची शंका घ्यायचीच. एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की घरात दोन तट पडतात.

ऑपरेशनमध्ये फाटलेला लिगामेंट सहसा शिवत नाहीत. मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध काढून, हाडात बोगदे पाडून नवा बसवतात. पुन्हा मैदानात उतरायला किमान नऊ महिने धरा. आणि फिजिओथेरपी चुकत नाहीच, हे लोक सोयीस्कर विसरतात.

दुसरा रस्ता: आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मग मांडीचे स्नायू आणि तोल यांवर तीनेक महिने घाम गाळायचा. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) लगेच ऑपरेशन केलेला आणि आधी व्यायाम करून थांबलेला, असे दोन्ही गट दोन वर्षांनी जवळपास सारखेच निघाले. मात्र थांबलेल्यांपैकी निम्म्यांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच.

माझं मत? ऑफिस, जिने, सकाळचं चालणं एवढंच असेल तर आधी व्यायाम. कबड्डी-फुटबॉल सोडवत नसेल, किंवा जिना उतरताना गुडघा दगा देत असेल, तर ऑपरेशन. दर वेळी गुडघा सटकला की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, आणखी कुरतडली जाते. आणि गुडघा अडकून सरळच होत नसेल तर तीन महिने वगैरे विसरा, त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.