सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचा तिकीटवाला : ४ स्टार, एक कापला

ऑक्टोबर २०२१ चं सांगतो. २० तारखेचं पुणे-दिल्ली तिकीट काढून मी निवांत, शेंगाचटणीचे पुडेपण बांधून ठेवलेले, आणि या काकांचा फोन आला की अहो पुण्याचं लोहगाव विमानतळ १६ ते २९ पूर्ण बंद, रनवेचं डांबरीकरण आहे. मला वाटलं फेकतायत. गेलो दुकानात तर काचेवर स्केचपेनने तारखा लिहून कागद चिकटवलेला, आणि काकांनी पाठकोऱ्या कागदावर रेघ मारून समजावलं की पुण्याला धावपट्टी एकच, तीपण एअरफोर्सची, त्यामुळं ती उकरली की सगळंच बंद, आधी वर्षभर रात्रीचं काम चालू होतंच पण शेवटचा थर द्यायला पूर्ण बंदच ठेवावं लागतं. मुंबईला दोन आहेत, पण त्यापण एकमेकींना छेदतात, म्हणून पावसाळ्यानंतर एखाद्या दिवशी ११ ते ५ दोन्ही बंद ठेवतात.

तर त्यांनी मुंबईहून संध्याकाळचं विमान दिलं, वर सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीटपण. रिफंड पूर्ण आला, पण त्यातून ३०० रुपये 'सर्व्हिस' कापले, ते मात्र पटलं नाही राव. स्टार त्याचाच कापलाय.

आता सोलापुरातच होटगी रोडच्या विमानतळावरनं विमान उडतंय, तरी तिकीट मी काकांकडूनच काढतो. चहा पाजतात, आणि फोन उचलतात. दुपारी १ ते ४ जाऊ नका, शटर खाली असतं.